खाली जाण्याचा हक्क

पुरस्कर्ता : खेळात मालक आणि भांडवल यांचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि जुन्या क्लबांच्या गोष्टी निघाल्या की त्याचा गळा भरून येतो, परंतु ज्या व्यवस्थेसाठी हा गळा भरून येतो तिने खेळाडूच्या पदरात प्रत्यक्ष काय टाकले, याचा हिशेब मांडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कबड्डीचेच पाहा. गिरणगावातील चाळींपासून सांगलीकडच्या खेड्यांपर्यंत शेकडो मंडळांनी हा खेळ जगवला, हे निर्विवाद. पण त्या मंडळांतील अव्वल चढाईपटूची उमेद जायची कोठवर, तर पोलीस खात्यात, रेल्वेत किंवा एखाद्या बँकेत खेळाडू म्हणून नोकरीला लागण्यापर्यंत. २०१४ साली प्रो कबड्डी लीग निघाली. तिच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. आणि चारच वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला, त्यांत मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना उत्तर प्रदेशच्या संघात गेला. हे फ्रँचायझी पद्धतीने घडवले. मंडळांना ते जमले नव्हते, सरकारी खात्यांनाही जमले नव्हते.

साशंक : खेळाडूला मिळालेला पैसा मला खुपत नाही, तो त्याला पन्नास वर्षे आधी मिळायला हवा होता. माझा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. त्या लिलावात खेळाडू असतो, संघमालक असतो, स्पर्धेचा चालक असतो. पण ज्या मंडळाने त्या पोराला अकराव्या-बाराव्या वर्षी मातीत उतरवले, रोज संध्याकाळी त्याच्याकडून बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकण्याची हजारदा तालीम करून घेतली, गुडघा दुखावला तेव्हा वर्गणी काढून इलाज केला, ते मंडळ त्या व्यवहारात पक्षकारच नसते. उलट फुटबॉलमध्ये, जेथे क्लबपद्धती हाडीमांसी मुरलेली आहे, तेथे जागतिक महासंघाचा दंडक असा आहे की, करार चालू असलेला खेळाडू मोबदला घेऊन एका देशातील क्लबाकडून दुसऱ्या देशातील क्लबाकडे गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के हिस्सा, तो वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत ज्या ज्या क्लबांत घडला, त्यांच्यात वाटला गेला पाहिजे. हा दंडक कोणाच्या दानतीतून आलेला नाही. त्या रचनेत खालचा क्लब आणि वरचा क्लब या एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, म्हणून खालच्याचा हक्क वरच्याला नाकारता येत नाही.

आणि मूळ भेद तेथेच आहे. १८८८ साली ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅक्ग्रेगर यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्यात सामील झालेले बारा क्लब आधीपासून नांदत होते. ॲस्टन व्हिला वेस्लियन पंथाच्या एका प्रार्थनामंदिरातील तरुणांनी १८७४ मध्ये काढलेला. आज मँचेस्टर युनायटेड म्हणून ओळखला जाणारा क्लब, जो या लीगमध्ये पुढे आला, तो न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा. क्लब आधी, स्पर्धा नंतर. फ्रँचायझीच्या व्यवस्थेत हा क्रम उलटतो: स्पर्धा आधी जन्माला येते, मग ती नकाशा पसरून शहरे ठरवते आणि एकेका शहराचा मक्ता एकेकाला देते. ज्याला स्पर्धेने निर्माण केले त्याला स्पर्धा रद्दही करू शकते. क्लबाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

पुरस्कर्ता : मक्त्याची पद्धत अमेरिकेत आली ती कोणाच्या हव्यासापोटी नव्हे, अनुभवाने आली. १८७१ ते १८७५ या काळात तेथे बेसबॉलची जी व्यावसायिक संघटना होती, तिच्यात कोणीही यावे, थोडे सामने खेळावेत, हरू लागले की उरलेल्या सामन्यांना दांडी मारावी, असा कारभार होता. त्याला विटून विल्यम हल्बर्टने १८७६ मध्ये नॅशनल लीग उभी केली, आणि प्रत्येक संघाला त्याचा प्रदेश नेमून देऊन वेळापत्रक पाळण्याची सक्ती केली. स्पर्धा हीच एक मालमत्ता आहे आणि तिची राखण सर्वांनी मिळून करायची, हा विचार त्यातून पुढे आला. त्याचे फळ पाहा. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ पासून नव्या खेळाडूंची निवड करताना सर्वांत दुबळ्या संघाला पहिला मान मिळतो. प्रक्षेपणाच्या राष्ट्रीय कराराचे उत्पन्न सर्वांना सारखे वाटले जाते. म्हणून लाखाच्या आसपास वस्तीचे ग्रीन बे हे गाव न्यूयॉर्कच्या खांद्याला खांदा लावून आजही उभे आहे. आणि तुमच्या शिडीच्या व्यवस्थेत? जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१३ पासून २०२३ पर्यंत ओळीने अकरा अजिंक्यपदे घेतली. शिडी सर्वांसाठी खुली आहे खरी, पण वरच्या पायरीवर बसलेला दरवर्षी अधिक बलवान होत जातो, आणि खालून येणारा त्याला गाठण्यासाठी कर्ज काढतो. १८८५ साली स्थापन झालेल्या बरी या क्लबाने २०१९ मध्ये वरच्या श्रेणीत बढती मिळवली आणि त्याच वर्षी, कर्जाची भरपाई होईना म्हणून, लीगने त्याला काढून टाकले. मैदानावर जिंकला, ताळेबंदात बुडाला. या मृत्यूची जबाबदारी शिडीवर नाही काय?

साशंक : आहे, ती मी टाळत नाही. पण ग्रीन बे आपण माझ्या पारड्यात टाकलेत. तो संघ १९२३ पासून नागरिकांच्या भागभांडवलावर चालतो, त्याला कोणी एक मालक नाही, म्हणजे तो मुळात क्लब आहे; आणि ज्या लीगची आपण स्तुती करता तिने पुढे नियम करून अशा मालकीची दारे बाकी सर्वांना बंद केली. एवढ्या छोट्या गावात तो टिकला, त्यात वाटणीच्या न्यायाचा हात आहे, हे मान्य. पण तो तेथून उठून दुसरीकडे गेला नाही, कारण त्याला उचलून नेणारा कोणी धनी नाही.

संघ उचलून नेणे म्हणजे काय ते बाल्टिमोर शहराला विचारावे. मार्च १९८४ मधल्या एका रात्री मालकाने ट्रकांत सामान भरले आणि कोल्ट्स हा संघ इंडियानापोलिसला हलवला. संघाचा बँड मात्र मागे राहिला, आणि ज्या संघासाठी वाजवायचे तो संघच नसताना तो वर्षानुवर्षे वाजत राहिला. बारा वर्षांनी त्या शहराला संघ मिळाला, तो क्लीव्हलँडचा संघ तेथून हलवून. आपल्यावर जो अन्याय झाला तोच दुसऱ्यावर केल्यावाचून त्या शहराला दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता, कारण लीगचे दार आतून बंद होते.

आता याच्याशेजारी विम्बल्डन ठेवा. १९८८ साली एफए चषक जिंकलेल्या या क्लबाला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या शहरात जाण्याची परवानगी मिळाली. म्हणजे फ्रँचायझीचे कृत्य क्लबांच्या देशातही घडले. पण पुढचे पाहा. समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनच्या माळावर जाहीर चाचणी ठेवून नवा संघ निवडला, पुष्कळ खालच्या श्रेणीच्या स्पर्धेत नाव घातले, आणि पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. दोन्ही शहरांचा संघ गेला होता. दोन्ही ठिकाणची माणसे तितकीच निष्ठावंत होती. एकाला दुसऱ्याचा संघ हिरावून घ्यावा लागला, दुसऱ्याला शून्यापासून सुरुवात करता आली. क्लबपद्धतीचे सारे माहात्म्य मला यात दिसते. तिच्यात वर जाण्याची वाट आहे एवढेच नव्हे, खाली जागा आहे. हरलेला संघ खाली जातो, पण तो कोठेतरी असतो. बंद लीगमध्ये खाली असे काही नसतेच. तेथे संघ एकतर आत असतो, नाहीतर नाहीसा होतो.

पुरस्कर्ता : आपला मुद्दा इंग्लंडात शोभतो. या देशात तो टिकेल का, हे आता पाहू. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल संघ; २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१३ मध्ये, राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगचा उपविजेता होता आणि २०१५ मध्ये त्याचाही कारभार आटोपला. यांतला एकही खाली गेला नाही; सगळे नाहीसे झाले. शिडी होती, खालच्या पायऱ्या होत्या, मग हे संघ त्या पायऱ्यांवर का सापडत नाहीत? कारण ते आपल्या अर्थाने क्लब नव्हतेच. ते एकेका उद्योगगृहाचे खाते होते. आणि गोवा? ज्या धेंपो आणि साळगावकर या क्लबांच्या नावाने मडगावचे जुने रसिक डोळे पुसतात, ते खाणमालकांच्या घराण्यांच्या आश्रयाने उभे होते. २०१२ साली गोव्यातील खनिज उत्खनन थांबले, तेव्हा या आश्रयाचा पाया किती अरुंद आहे हे सर्वांना दिसले. सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी, सर्वसाधारण सभा, वर्गणीची पावतीपुस्तके, हे आपण ज्याला क्लब म्हणता त्याचे अवयव. ते यांत कोठे होते? एका धन्याऐवजी दुसरा धनी आला, आणि नव्या धन्याने निदान करारनामा लिहून घेतला.

साशंक : आपला हा आघात वर्मी लागणारा आहे. आपल्याकडे क्लबाच्या नावाखाली पुष्कळदा आश्रयच चालला, आणि आश्रयदात्याची मर्जी फिरली की संघ संपला. परंतु गोव्याची कहाणी तेथे थांबत नाही, ती तेथून पुढे अधिक बोलकी होते. धेंपोने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले, शेवटचे २०११-१२ मध्ये. २०१५ मध्ये हाच संघ आय-लीगमधून खाली घसरला. कीर्ती मावळलेली, आणि वर द्वितीय श्रेणीत खेळण्याची नामुष्की. अशा वेळी एखाद्या मालकाने संघ गुंडाळला असता तर कोणी नवल केले नसते. धेंपो मात्र द्वितीय श्रेणीत खेळला, २०१६ मध्ये ती जिंकून पुन्हा वर आला, आणि त्याच वर्षी भारतीय फुटबॉल महासंघाने पुढील आराखडा मांडला की, देशाची पहिली स्पर्धा यापुढे इंडियन सुपर लीग राहील आणि आय-लीग तिच्या खाली जाईल. सुपर लीगमध्ये प्रवेश खेळून मिळत नव्हता. मैदानावर कमावलेली पायरी कागदावर काढून घेतली गेली. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. घसरणीने हे क्लब मेले नव्हते; चढण्याला अर्थ उरला नाही तेव्हा ते बाहेर पडले. घसरणीपेक्षा शिखराची बंदी त्यांना अधिक असह्य झाली, हे ध्यानात घ्यावे.

आणि त्यांच्या जाण्याने काय घडले? मिझोरमचा ऐझॉल एफसी त्या मोसमात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांच्या जागा रिकाम्या झाल्या म्हणून त्याला परत घेतले. पुढच्याच मोसमात, ३० एप्रिल २०१७ रोजी, शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून तो देशाचा विजेता झाला. डोंगरातले एक छोटे शहर, तुटपुंजा खर्च, आणि मुंबईच्या मैदानांवर वावरलेला खालिद जमील हा प्रशिक्षक. त्याच वर्षी सुपर लीगने दोन नवे संघ घेतले, ते बंगळुरू आणि जमशेदपूर. निविदा ज्यांच्या मंजूर झाल्या ते आत गेले. विजेता बाहेर राहिला. पात्रता मैदानावर ठरावी की दफ्तरात, हा प्रश्न याहून स्वच्छ रूपात मला अन्यत्र दिसलेला नाही.

पुरस्कर्ता : ऐझॉलवर अन्याय झाला. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण ज्याने पैसा घातला त्याच्या बाजूनेही एकदा पाहा. २०१० मध्ये महासंघाने पंधरा वर्षांच्या मुदतीचा सातशे कोटींचा व्यापारी करार केला, कारण त्याच्याजवळ स्वतःचे राष्ट्रीय संघ चालवण्यापुरतेही बळ नव्हते. सुपर लीगच्या मालकांनी वर्षामागून वर्षे तोटा सोसला. एका मोसमाच्या दुर्दैवाने, दोन खेळाडूंच्या दुखापतीने आपण खालच्या श्रेणीत जाऊ आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न गमावू, अशी टांगती तलवार असती, तर दहा वर्षांच्या अकादमीसाठी, मैदानासाठी, प्रशिक्षकांसाठी कोणी थैली सोडली असती? निर्भयतेवाचून दीर्घ मुदतीचे काम होत नाही. एफसी गोवा २०१४ चा, म्हणजे लिलावातून जन्मलेला. त्याने स्थानिक मुले घेतली, फातोर्डाचे मैदान भरवले, आणि २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसामन्यांत खेळणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. मडगावचा पोरगा केशरी अंगरखा घालून ओरडतो, त्याचे प्रेम तुमच्या धेंपोवरल्या प्रेमाहून हलके आहे असे कोणत्या मापाने म्हणायचे? निष्ठेला शंभर वर्षे लागतातच असे नाही.

साशंक : निष्ठा खरी आहे, तिला जामीन मात्र नाही. पुण्याच्या समर्थकांचीही निष्ठा पाच वर्षांची होती. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली, आणि हैदराबादने २०२२ मध्ये ती स्पर्धा जिंकली. २०१९ मध्येच दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला आणि त्याचे नाव बदलले. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर जाऊन जी मुले घसा बसेपर्यंत ओरडली, त्यांना विम्बल्डनसारखे तळापासून सुरू करायचे तर तेव्हा तळ आणि शिखर यांच्यामध्ये वाटच नव्हती. आणि निर्भयतेचे म्हणाल, तर ती कोणाची होती? जुलै २०२५ मध्ये, जुन्या कराराची मुदत संपत आली आणि नवा झाला नाही, तेव्हा आगामी मोसमच स्थगित असल्याचे स्पर्धेच्या चालकांनी कळवले. खेळाडूंचे पगार, प्रशिक्षकांच्या नेमणुका, परदेशी खेळाडूंचे करार, सारे एका सहीवर अडकले. शिडीच्या व्यवस्थेत संघ एकेकटे बुडतात, हे खरे. मक्त्याच्या व्यवस्थेत सगळे एकाच दिवशी बुडू शकतात.

पुरस्कर्ता : तरीही आपण एक गोष्ट झाकून ठेवता. मोहन बागान घ्या. १८८९ चा क्लब. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा. सभासद आहेत, निवडणुका आहेत, परंपरा आहे, आपल्या व्याख्येतले सर्व काही आहे. २०२० मध्ये या क्लबाला सुपर लीगमध्ये येण्यासाठी एका फ्रँचायझीच्या मालकाशी संयोग करावा लागला. परंपरेने सामन्याचा खर्च भागत नाही, याची याहून मोठी कबुली ती कोणती?

साशंक : आणि त्या संयोगात फ्रँचायझीचे नाव क्लबाच्या नावाआधी लावले गेले, तेव्हा समर्थकांनी तीन वर्षे निदर्शने केली, आणि २०२३ मध्ये ते नाव काढावे लागले, हे त्याच कबुलीचे दुसरे अंग. भांडवलाने संघ विकत घेतला. नाव पूर्णपणे विकत घेता आले नाही. यावरून मी एवढेच म्हणेन की, मालक असावा की नसावा हा आपला वाद राहिलाच नाही. मालक हवा असेल तर असू द्या. तीन गोष्टी त्याच्या हाती असू नयेत: संघ बंद करणे, दुसऱ्या गावी नेणे, आणि खालून येणाऱ्याला दार लावणे.

पुरस्कर्ता : पहिल्या दोन गोष्टी मी मान्य करतो. तिसरीतही अर्धे मान्य. विजेत्याने वर यावे, हे न्याय्य आहे, आणि २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग तसे आलेही. पण तळाच्या संघाने खाली जावे, याला मी राजी नाही. वर येणाऱ्याचा सत्कार करायला पैसा लागत नाही. खाली जाणाऱ्याचे पोट सांभाळायला लागतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून घसरणाऱ्या क्लबाला पुढील काही मोसम मोठी रक्कम देतात. आपल्याकडे ती द्यायला कोणाची तिजोरी आहे?

साशंक : येणारे येत राहिले आणि जाणारा कोणीच नाही, तर स्पर्धा फुगत जाईल आणि एके दिवशी पुन्हा दार बंद करावे लागेल. शिवाय तळाच्या संघाच्या शेवटच्या सहा सामन्यांना अर्थ काय? फेब्रुवारीतच ज्याचा मोसम मनाने संपला, त्याचे मैदान मार्चमध्ये ओस पडते, हे आपण सुपर लीगमध्ये पाहत आलो. धेंपो २०२४ मध्ये खालच्या श्रेणीतून पुन्हा आय-लीगमध्ये आला, कारण वरून बाहेर पडल्यावरही त्याला खाली जागा होती. खाली जाणे ही त्याच्या इतिहासातली एक पायरी ठरली, शेवट ठरला नाही. २०२४-२५ चा मोसम संपेपर्यंत सुपर लीगमधून एकही संघ खाली गेलेला नव्हता. त्याच अवधीत त्यातून नाहीसे झालेले आणि गाव सोडून गेलेले संघ मात्र आपल्याला नावानिशी सांगता येतात. म्हणून पुढचा करारनामा जे कोणी लिहितील त्यांना माझी विनंती आहे की, घसरणीचे कलम त्यांनी पहिल्याच पानावर घालावे.

पुरस्कर्ता : घालू द्या. पण खाली गेलेल्या संघातील खेळाडूंचा आणि माळ्यापर्यंतच्या नोकरांचा वर्षभराचा पगार कोणी द्यायचा, हे कलम त्याच पानावर आणि त्याच्या आधी असले पाहिजे. ते लिहिले जाईपर्यंत माझी संमती नाही.